आधी नक्कल, मग सिंक

दारव्ह्याला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं दुरुस्तीचं दुकान आहे. रेडिओ आणि टेपपासून सुरुवात केली, मग सीडी प्लेअर आले, मग मोबाईलच्या चिपमध्ये गाणी भरून द्यायचे दिवस आले, आणि आता जे टेबलावर येईल ते. या सदरात एरवी मोटारीचा स्टार्टर, इन्व्हर्टरची बॅटरी, सेटटॉप बॉक्स असे सगळे प्रश्न असतात. या खेपेला सात पत्रं एकाच दुखण्याची निघाली: गाण्याचा प्लेअर आणि कॉम्प्युटर यांचं एकमेकांशी जमत नाही. म्हणून ही पानं त्यांनाच दिली.

'आता मोबाईल असताना प्लेअर कशाला?' असं शहरातून आलेले पाहुणे विचारतात. त्यांनी माघ महिन्यात एक रात्र वावरात काढावी. ओलिताची लाईट रात्री येते. हरभऱ्याला पाणी द्यायचं तर एका हातात फावडं, दुसऱ्यात बॅटरी. रेंज नसते, आणि फोनचं चार्जिंग घरचा फोन येईल म्हणून राखून ठेवावं लागतं. चिखलाच्या बोटाला टच स्क्रीन दाद देत नाही, बटण देतं. बटणाचा प्लेअर खिशात टाकला की पहाटेपर्यंत भजन सोबतीला असतं. ज्याने अशी रात्र काढली त्याला प्लेअर बंद पडल्याचं दुःख समजतं.

प्रश्न : पुतण्याने पुण्याहून येताना त्याचा जुना आयपॉड क्लासिक मला दिला. त्यात चार हजारांवर गाणी आहेत, निम्मी नाट्यसंगीत आणि अभंग. त्याचा कॉम्प्युटर केव्हाच भंगारात गेला. मी माझ्या लॅपटॉपवर आयट्यून्स, म्हणजे आयपॉडमध्ये गाणी भरायचं ॲपलचं सॉफ्टवेअर, टाकून आयपॉड जोडला, तर पाटी आली की हा आयपॉड दुसऱ्या लायब्ररीशी जोडलेला आहे, पुसून सिंक करायचं का? मी घाबरून कॅन्सल दाबलं. ही गाणी लॅपटॉपवर कशी आणू?
एक निवृत्त शिक्षक, घाटंजी तालुका

उत्तर : गुरुजी, कॅन्सल दाबलं हे फार चांगलं केलं. त्या एका बटणावर चार हजार गाणी अडकलेली होती.

सिंक म्हटलं की आपल्याला वाटतं, इकडची गाणी तिकडे आणि तिकडची इकडे येऊन दोन्ही ठिकाणं सारखी होतील. आयपॉडचं तसं नाही. पाटातून वाफ्यात पाणी जातं तसं ते एकाच बाजूने वाहतं, कॉम्प्युटरकडून आयपॉडकडे. शिवाय आयपॉडचं नातं एका वेळी एकाच लायब्ररीशी, म्हणजे आयट्यून्समधल्या गाण्यांच्या एकाच यादीशी, असतं. पाटीतली 'दुसरी लायब्ररी' म्हणजे पुतण्याच्या भंगारात गेलेल्या कॉम्प्युटरवरची. तुमच्या लॅपटॉपवरची लायब्ररी आज रिकामी आहे. 'इरेज अँड सिंक' दाबलं असतं तर आयपॉडही तसाच रिकामा झाला असता.

गाणी मात्र आयपॉडमध्ये साध्या फायली म्हणूनच पडलेली असतात. आयपॉड कंट्रोल नावाचा एक लपवलेला फोल्डर असतो, त्यात म्युझिक, आणि त्यात एफ00, एफ01, एफ02 असे ओळीने फोल्डर. गाण्याचं नाव तिथे दिसणार नाही, चार अक्षरांचं काहीतरी अगम्य नाव दिसेल. घाबरू नका. गायकाचं, गाण्याचं, अल्बमचं नाव फाईलच्या पोटात टॅग म्हणून लिहिलेलं असतं, ते जात नाही. कोणतं गाणं कुठे पडलंय याची नोंद आयपॉडच्या वेगळ्या वहीत असते. म्हणूनच नुसती फाईल आयपॉडमध्ये नेऊन टाकली तर ती वाजत नाही: वावर जागेवर आहे, पण सातबाऱ्यावर नाव चढलेलं नाही. पुष्कळ लोक इथेच फसतात आणि आयपॉड खराब झाला म्हणून माझ्याकडे घेऊन येतात.

आता करायचं असं. लॅपटॉप पूर्ण चार्ज करा. आयट्यून्स बंद ठेवा. आयपॉडच्या डोक्यावरची होल्डची कळ मोकळी आहे ना ते बघा. मग मेन्यू आणि मधलं बटण एकदम दाबून धरा, सफरचंदाचं चिन्ह येईपर्यंत. ते दिसताच लगेच मधलं बटण आणि प्ले हे दोन्ही दाबून धरा. पडद्यावर डिस्क मोड आल्याचं दिसेल. आता केबल जोडा, आयपॉड पेनड्राईव्हसारखा ड्राईव्ह म्हणून उघडेल. आयट्यून्स आपोआप उघडू लागलं तर कंट्रोल आणि शिफ्ट या कळा दाबून धरा, म्हणजे ते स्वतःहून सिंक सुरू करणार नाही. फाईल एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये 'हिडन आयटम्स'वर टिक करा, लपलेला फोल्डर दिसू लागेल. त्यातला म्युझिक हा अख्खा फोल्डर लॅपटॉपवर कॉपी करा. कट नाही, कॉपी. चालू असताना आयपॉड हलवू नका. क्लासिकमध्ये फिरणारी हार्डडिस्क असते, तिला धक्का सोसत नाही.

एक सावधगिरी आधीच सांगून ठेवतो. जोडल्याबरोबर विंडोजने 'ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करा' असं म्हटलं, तर तिथेही कॅन्सलच. त्याचा अर्थ बहुधा एवढाच की पुतण्याकडे मॅक होता आणि आयपॉड मॅकच्या पद्धतीने फॉरमॅट झालेला आहे. विंडोजला ती लिपी वाचता येत नाही. अशा वेळी मॅक असलेला माणूस गाठायचा, दुसरा खटाटोप करायचा नाही. पुतण्याला एक फोन करून आधीच विचारून घ्या.

कॉपी झाली की आयपॉड काढून बाजूला ठेवा. आयट्यून्सच्या प्रेफरन्सेसमध्ये ॲडव्हान्स्ड इथे दोन खुणा करा: फायली मीडिया फोल्डरमध्ये कॉपी करायची एक आणि फोल्डर नीट लावून ठेवायची दुसरी. मग 'ॲड फोल्डर टू लायब्ररी'. टॅग वाचून ते स्वतःच गाण्यांना नावं देतं आणि गायकाप्रमाणे लावतं. इकडची-तिकडची पन्नासेक गाणी वाजवून बघा. 2009 च्या आधी विकत घेतलेली काही गाणी कुलूपबंद असू शकतात, ती पुतण्याच्या खात्याशिवाय वाजणार नाहीत. त्याने केलेल्या प्लेलिस्ट आणि गाण्यांना पसंतीप्रमाणे दिलेले तारेही या वाटेने येत नाहीत. पण गाणी येतात. आणि मग, पाहिजे असेल तरच, पुसून सिंक करा. क्लासिक 2014 पासून बनत नाही, तेव्हा जो हातात आहे तो जपून वापरा.

प्रश्न : माझ्याजवळ बाजारातला साधा एमपीथ्री प्लेअर हाय, 2 जीबीचं कार्ड टाकतो. सप्त्यातल्या कीर्तनाचे बारा भाग भरले तं पयला वाजल्यावर सातवा वाजते, मंग तिसरा. दुकानदार म्हन्ते प्लेअर बदला. आन् कार्ड अर्धं खाली असून 'फुल' दाखवते.
शेतकरी वाचक, राळेगाव तालुका

उत्तर : दादा, प्लेअर बदलू नका. दोन्ही दुखणी कार्डातली आहेत.

स्वस्त प्लेअर फायलींची नावं वाचून क्रम लावत नाही. कार्डावर जी फाईल आधी लिहिली गेली ती आधी वाजवतो. कॉम्प्युटरच्या पडद्यावर आपल्याला एक, दोन, तीन असं दिसतं, कारण कॉम्प्युटर ते आपल्यासाठी नावाप्रमाणे लावून दाखवतो. कार्डावर प्रत्यक्षात भलताच क्रम असू शकतो. बाराही फायली निवडून एकदम ओढल्या तर त्या कोणत्या क्रमाने लिहिल्या जातील याचा भरवसा नाही. मी काय करतो ते सांगतो. फायलींना 01, 02 पासून 12 पर्यंत नावं देतो. नुसता 1 लिहिला तर जे प्लेअर नाव वाचतात ते 1 नंतर 10 वर उडी मारतात, म्हणून पुढचं शून्य पाहिजेच. मग कार्डावरच्या जुन्या फायली काढून एकेक फाईल क्रमाने कॉपी करतो, पहिली पूर्ण झाली की दुसरी. बाराच भाग आहेत, दहा-पंधरा मिनिटांचं काम. शेकड्याने गाणी असतील तर कार्डावरची यादी नावाप्रमाणे लावून देणारे छोटे मोफत प्रोग्रॅम मिळतात, पण तुम्हाला त्यांची गरज नाही.

आता 'फुल'चं. 2 जीबीचं कार्ड बहुतेक फॅट16 पद्धतीने फॉरमॅट केलेलं असतं. त्यात सगळ्यात वरच्या पातळीवर, म्हणजे कोणत्याही फोल्डरमध्ये न ठेवलेल्या फायलींसाठी 512 च जागा असतात. आणि लांब नावाची फाईल एक जागा घेत नाही: दर 13 अक्षरांना एक आणि वर आणखी एक. कीर्तनकारांचं नाव, गावाचं नाव, सप्त्याचं साल असं चाळीस अक्षरांचं नाव दिलं की एका फाईलने पाच जागा खाल्ल्या. शंभर फायलींतच वही भरते, कोठार मात्र अर्धं रिकामं. उपाय सोपा: 'कीर्तन', 'भजन', 'बातम्या' असे फोल्डर करा आणि फायली त्यांत टाका. फोल्डरच्या आत ही मर्यादा नाही.

कार्ड बदलायचंच असेल तर 4 ते 32 जीबीचं घ्या. 64 आणि त्यावरची कार्डं एक्सफॅट पद्धतीची येतात, ती जुने प्लेअर वाचतच नाहीत. साध्या 128 च्या बिटरेटला, म्हणजे आवाजाच्या साध्या दर्जाला, मिनिटाला साधारण एक एमबी लागतो, म्हणजे 4 जीबीत साठ तासांच्या वर कीर्तन बसतं. सगळं ओलीत होऊन जाईल.

प्रश्न : प्लेअर चार्ज होतो पण कॉम्प्युटरवर येतच नाही. आमच्या बचत गटाच्या बैठकीची गाणी आणि माहितीची भाषणं त्यात भरायची आहेत. दोन वेळा सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं.
बचत गटाच्या अध्यक्ष, आर्णी तालुका

उत्तर : ताई, सॉफ्टवेअरला हात लावायच्या आधी केबल बदला. दहातल्या सहा-सात वेळा मला दोष केबलमध्येच सापडतो.

मागच्या महिन्यात अशीच तक्रार घेऊन एक मुलगी आली होती. तिच्यासमोर मी तिची केबल ब्लेडने चिरली. वरचं काळं रबर काढलं, आत चार तारा असायला पाहिजेत: लाल आणि काळी विजेची, पांढरी आणि हिरवी निरोपाची. तिच्या केबलमध्ये लाल आणि काळी एवढ्याच होत्या, तीही केसासारखी बारीक. अशी केबल चार्ज करेल, पण कॉम्प्युटरशी बोलणार कशाने? आठवडी बाजारात वीस-तीस रुपयांना मिळतात त्यांतल्या पुष्कळ अशाच. दुकानात मागताना 'डाटा केबल' म्हणून मागा आणि तिथेच एखाद्या मोबाईलला लावून कॉम्प्युटरवर फोल्डर उघडतो का ते बघून घ्या.

केबल चांगली निघाली तर प्लेअरच्या पिनेच्या खोबणीत डोकावा. आपल्याकडे कापूस वेचणीच्या दिवसांत खिशात ठेवलेल्या वस्तूत रुई जाऊन बसते आणि पीन पूर्ण आत जात नाही. प्लेअर बंद करून लाकडी दातकोरणीने अलगद काढा. सुई किंवा टाचणी नको. त्यानंतर सीपीयूच्या समोरच्या खाचेऐवजी मागच्या खाचेत लावून बघा. एवढं करून नाही जमलं तर प्लेअरच्या सेटिंगमध्ये यूएसबी मोड शोधा. तिथे एमएससी आणि एमटीपी असे दोन पर्याय असतात. एमएससीमध्ये प्लेअर पेनड्राईव्हसारखा उघडतो आणि फायली सरळ टाकता येतात. एमटीपीमध्ये तो विंडोज मीडिया प्लेअरसारख्या सॉफ्टवेअरशी सिंक होतो. तुमच्या कामाला एमएससी बरं. एकदा जो ठरवाल तोच ठेवा, कारण काही प्लेअरमध्ये एका मोडमध्ये भरलेली गाणी दुसऱ्या मोडमध्ये कॉम्प्युटरला दिसत नाहीत, आणि मग गाणी गेली असं वाटून माणूस तीच पुन्हा भरत बसतो.

प्रश्न : मी झाडीपट्टीतल्या एका नाटक मंडळात पार्श्वसंगीत सांभाळतो. वाऱ्याचा आवाज, घोड्यांच्या टापा, सनई असं सगळं जुन्या आयपॉड नॅनोवर ठेवतो. लॅपटॉपवर आयट्यून्समध्ये दीडशे ट्रॅक दिसतात, सिंक केल्यावर नव्वदच जातात. उरलेल्यांच्या बाजूला उद्गारचिन्ह येतं. दिवाळीनंतर सीझन सुरू होईल.
तरुण वाचक, देसाईगंज

उत्तर : भाऊ, तुमचं काम मला माहीत आहे. रात्रभर चालणाऱ्या नाटकात ऐन प्रसंगी सनई वाजली नाही तर लग्नाचा प्रवेशच बसतो. मी लहानपणी दंडारीच्या, आपल्याकडच्या लोकनाट्याच्या, मागे झोपलेला माणूस आहे, म्हणून तुमचं पत्र वरती घेतलं.

ते साठ ट्रॅक तुम्ही कोणाच्या तरी पेनड्राईव्हवरून आयट्यून्समध्ये ओढले, बरोबर? तेव्हा ते वाजलेही असतील. पण आयट्यून्सने त्यांचा फक्त पत्ता लिहून घेतला: ई ड्राईव्ह, अमुक फोल्डर, अमुक फाईल. पेनड्राईव्ह मालकाकडे परत गेला, पत्ता राहिला, घर नाही. सिंकच्या वेळी आयट्यून्स त्या पत्त्यावर जातं, कोणी सापडत नाही, उद्गारचिन्ह लावून पुढे जातं. तोच पेनड्राईव्ह पुन्हा लावला आणि या वेळी त्याला एफ हे अक्षर मिळालं, तरीही हेच होणार.

पेनड्राईव्ह परत मागवा. त्यावरच्या फायली लॅपटॉपवर एका फोल्डरमध्ये कॉपी करा. नाटकाच्या नावाने फोल्डर केला तर पुढच्या वर्षीही सापडतो. आयट्यून्समधल्या उद्गारचिन्हाच्या नोंदी काढून टाका आणि मग त्या फोल्डरमधून ट्रॅक नव्याने घाला. वर गुरुजींना सांगितलेली 'मीडिया फोल्डरमध्ये कॉपी करा' ही खूण तुम्हीही करा, म्हणजे पुढच्या वेळी फाईल लॅपटॉपवरच उतरेल.

आणखी एक, तुम्ही विचारलेलं नाही तरी सांगतो. प्रयोगासाठी आयपॉड आपोआप सिंकवर ठेवू नका. आपोआप सिंकमध्ये लॅपटॉपच्या लायब्ररीतून काढलेला ट्रॅक पुढच्या सिंकला आयपॉडवरूनही जातो. जागा नाही म्हणून कोणी लॅपटॉपवर साफसफाई केली, आणि तुम्हाला स्टेजच्या मागे कळलं, असं व्हायला नको. आयपॉडच्या पानावर 'मॅन्युअली मॅनेज म्युझिक' ही खूण केली की तुम्ही घालाल तेच जाईल, तुम्ही काढाल तेच निघेल. आणि तेच सगळे ट्रॅक एका वेगळ्या पेनड्राईव्हवर हार्मोनियमच्या पेटीत ठेवून द्या. नॅनो बनणं 2017 मध्येच थांबलं, तो वाटेत रुसला तर बाजारातून नवा आणता येणार नाही.

प्रश्न : प्लेअरवर गाण्याच्या नावांच्या जागी चौकोन दिसतात. कॉम्प्युटरवर मराठी नीट दिसतं.
विद्यार्थिनी, दिग्रस

उत्तर : प्लेअरमध्ये देवनागरी अक्षरांचा फॉन्टच नसेल तर चौकोन दिसतात. गाणं शाबूत आहे. एमपीथ्रीटॅग नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये गाणं आणि गायक यांची नावं इंग्रजी अक्षरांत लिहा, टॅगची आवृत्ती 2.3 ठेवा, कारण जुने प्लेअर 2.4 नीट वाचत नाहीत. मूळ देवनागरी नावांची प्रत कॉम्प्युटरवर तशीच राहू द्या. आपल्या भाषेतली नावं प्लेअरच्या सोयीसाठी कायमची पुसू नका.

प्रश्न : गाणी भरता भरता लाईट गेली. आता प्लेअर सुरू केला की कंपनीच्या नावावरच अडकून राहतो. कार्ड कॉम्प्युटरला लावलं तर गाणी थोडीच दिसतात पण जागा संपलेली.
दुकानदार वाचक, पुसद तालुका

उत्तर : कार्ड नसताना प्लेअर सुरू होतो का ते आधी बघा. झाला तर प्लेअर ठीक आहे, जखम कार्डाला आहे. प्लेअर सुरू होताना सगळ्या फायली वाचून यादी बनवतो, आणि अर्धवट लिहिलेल्या एका फाईलपाशी येऊन अडकतो.

कार्ड कार्डरीडरने कॉम्प्युटरला लावा. जी गाणी दिसतात, त्यांतली तुमच्याकडे दुसरीकडे नसतील ती आधी कॉपी करून घ्या. मगच त्या ड्राईव्हवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, चेक. दुरुस्ती झाल्यावर कार्डावर फाउंड.000 नावाचा फोल्डर आणि त्यात सीएचके शेपटाच्या फायली दिसू शकतात. हीच ती हरवलेली जागा: लाईट गेली तेव्हा ज्यांचा ठिकाणा लिहायचा राहून गेला ते तुकडे. गाण्यांची मूळ प्रत असेल तर हे तुकडे काढून टाका, जागा मोकळी होईल. तरीही प्लेअर अडकत असेल तर कार्ड फॉरमॅट करा, शक्यतो प्लेअरच्याच मेन्यूतून, आणि गाणी नव्याने भरा.

पुढे गाणी भरायची वेळ बदला. तुमच्याकडे लाईट कोणत्या वेळेला जाते हे तुम्हाला तोंडपाठ असणार. डेस्कटॉप इन्व्हर्टरवर नसेल तर लॅपटॉपवर भरा. आणि भरून झाल्यावर लगेच ओढून काढू नका. खाली उजवीकडच्या चिन्हातून 'इजेक्ट' करा, कारण पडद्यावरची पट्टी भरली तरी कार्डावरचं लिहिणं कधी कधी चालूच असतं.

प्रश्न : माझी माय चैत्रात गेली. ती जात्यावर बसली की ओव्या म्हणायची. चार वर्षांपूर्वी मी माझ्या छोट्या प्लेअरचं रेकॉर्डिंगचं बटण दाबून तिच्याजवळ ठेवून दिला होता. आता त्यात नवीन गाणी सिंक होत नाहीत, कॉम्प्युटर चूक दाखवतो. भाऊ म्हणतो फॉरमॅट मार, नीट होईल. प्लेअरवर तिच्या ओव्या वाजतात, पण कॉम्प्युटरच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या दिसत नाहीत. काय करू?
एक बहीण, आर्वी तालुका

उत्तर : ताई, फॉरमॅट करू नका. भावालाही हे पत्र वाचून दाखवा. नवी गाणी या क्षणापासून विसरून जा. त्या प्लेअरमध्ये आता एकही फाईल घालायची नाही, एकही काढायची नाही, कुठल्याही सॉफ्टवेअरला त्याच्याशी सिंक करू द्यायचं नाही.

सॉफ्टवेअरमध्ये ओव्या दिसत नाहीत, कारण ते गाण्यांचा फोल्डर बघतं. तुम्ही केलेलं रेकॉर्डिंग प्लेअर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो, त्याचं नाव बहुधा रेकॉर्ड किंवा व्हॉइस असं काहीतरी असतं. प्लेअरचा यूएसबी मोड एमएससी करा, सॉफ्टवेअर न उघडता फाईल एक्सप्लोररमधून प्लेअर उघडा आणि तो फोल्डर शोधा. फायलींची नावं आर001 किंवा नुसती तारीख-वेळ अशी असतील. शेपूट डब्ल्यूएव्ही असेल तर फाईल मोठी दिसेल, तशीच राहू द्या, एमपीथ्री करून लहान करू नका. फोल्डर कॉपी करा. कॉम्प्युटरवर, एका पेनड्राईव्हवर, आणि तिसरी प्रत भावाच्या घरी. तिन्हीकडच्या फायली पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत ऐका. नुसतं नाव दिसलं म्हणजे आवाज आला असं धरू नका.

कॉपी करतानाच चूक दाखवली तर तिथेच थांबा. कार्ड निघत असेल तर काढून रीडरने प्रयत्न करा. ते नाही जमलं तर प्लेअर तसाच बंद करून जवळच्या जाणत्या माणसाकडे न्या, आणि देताना सांगा की गाणी नको, रेकॉर्डिंग पाहिजे. हे वाक्य आधी सांगायचं असतं, कारण टेबलावर आलेला प्लेअर 'नीट करून द्या' एवढंच ऐकून घेतला की दुरुस्ती करणाऱ्याचा हात फॉरमॅटकडेच जातो. ज्यांच्याकडून आधीच फॉरमॅट किंवा डिलीट झालं असेल त्यांच्यासाठी: त्यावर नवीन काहीही भरू नका. पुसलेली फाईल लगेच नाहीशी होत नाही, तिची जागा फक्त मोकळी म्हणून लिहिली जाते. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत फोटोरेक किंवा रेकुव्हासारखे मोफत प्रोग्रॅम ती परत काढू शकतात. सापडलेल्या फायली त्याच कार्डावर नाही, कॉम्प्युटरवर उतरवायच्या.

हे इतक्या जोरात का सांगतो ते सांगतो. माझे वडील खंजिरीवर भजन म्हणत. 2013 मध्ये त्यांची चाळीस मिनिटं मी 2 जीबीच्या एका कार्डावर घेऊन ठेवली होती. बाजाराचा दिवस, दुकानात गर्दी, टेबलावर दोन सारखी काळी कार्डं. गिऱ्हाइकाचं समजून मी वडिलांचं फॉरमॅट केलं आणि त्यावर लग्नाची गाणी भरली. संध्याकाळी लक्षात आलं. रात्रभर बसून काढली तेव्हा अकरा मिनिटं हाती लागली, तीही तुकड्यांत. वडील तोवर गेलेले होते. तेव्हापासून माझ्या टेबलावर दोन डब्या आहेत, गिऱ्हाइकाच्या कार्डाची पितळी आणि माझ्या कार्डाची लाकडी, आणि प्रत कॉम्प्युटरवर उतरल्याशिवाय मी कोणाच्याही प्लेअरला हात लावत नाही.

तिन्ही प्रती झाल्या की फायलींना नावं द्या. आर001 असं नाव वीस वर्षांनी तुमच्या नातवाला काही सांगणार नाही. मायचं नाव, गावाचं नाव, साल, आणि ओवीचा पहिला शब्द एवढं लिहा. मधेच ती कोणाला हाक मारत असेल, कोंबडा आरवत असेल, ते कापू नका. आणि मागे जात्याची घरघर आहे ती 'आवाज साफ करून देतो' म्हणणाऱ्या कोणालाही काढू देऊ नका, त्या घरघरीच्या ठेक्यावरच ती म्हणत होती.